नाशिकहून व्हिसलर? ते सोडा, ट्वीक पकडा

नाशिकच्या टी.वाय.बी.एस्सी.च्या चौघांनी विचारलंय: "रेडिओ वापरून पृथ्वीभोवतीच्या प्लाझ्माचा अभ्यास करायचा प्रकल्प घेतलाय. व्हिसलर रेकॉर्ड करायचे आहेत. पाच-सहा हजारांत आरटीएल-एसडीआर डोंगल आणि अँटेना घेऊन जमेल का? जागा त्र्यंबकजवळची बघून ठेवली आहे."

आधी दोन गोष्टींना नाही म्हणतो, मग कामाचं बोलू. डोंगल घेऊ नका आणि व्हिसलरच्या, म्हणजे विजेतून निघून अवकाशातून येणाऱ्या शिळांच्या, मागे लागू नका. प्रकल्प मात्र सोडू नका, कारण नाशिकच्या अक्षांशावर करण्यासारखं बरंच आहे. ते उत्तर ध्रुवाजवळच्या लोकांच्या व्हिडिओत दिसत नाही, एवढंच.

डोंगलचं आधी उरकतो. हा यूएसबीला खोचायचा छोटा रेडिओ साधारण २४ मेगाहर्ट्झच्या वरचं ऐकतो. आतल्या चिपला थेट जोडणी करून थोडं खाली आणता येतं, तरी काहीशे किलोहर्ट्झच्या खाली त्याचा उपयोग नाही. तुम्हाला हवेत १ ते २० किलोहर्ट्झ. या रेडिओ लहरीच आहेत, पण त्यांची वारंवारता आपल्या कानाला ऐकू येणाऱ्या आवाजाइतकी. म्हणून तारेतून आलेला सिग्नल वाढवून सरळ लॅपटॉपच्या साउंड कार्डात सोडला की झालं, रेडिओ तयार. साउंड कार्ड सेकंदाला ४८,००० नमुने घेत असेल तर २४ किलोहर्ट्झपर्यंतचं सगळं पकडता येतं. फक्त माइकची जागा आवाज 'सुधारणारी' नसावी. लॅपटॉपमधलं नॉइज सप्रेशन चालू राहिलं तर नेमकं तुम्हाला हवं तेच ते पुसून टाकेल. जुनं यूएसबी साउंड कार्ड या कामाला लॅपटॉपपेक्षा बरं.

आता व्हिसलर. वीज कडाडली की रेडिओ लहरींचा एक झटका सुटतो. त्यातला काही भाग आयनांबर, म्हणजे वातावरणाचा वरचा विद्युतभारित थर, भेदून वर जातो, पृथ्वीच्या चुंबकीय रेषेला धरून अवकाशातून दुसऱ्या गोलार्धात उतरतो. वाटेतल्या प्लाझ्मात, म्हणजे सुट्या इलेक्ट्रॉन-आयनांच्या वायूत, उंच वारंवारता लवकर पोचते, खालची मागून, त्यामुळे ऐकताना वरून खाली घसरणारी शीळ वाजते. पहिल्या महायुद्धात जर्मनीच्या बार्कहाउझेनला टेलिफोनच्या तारांवर पाळत ठेवताना ती ऐकू आली होती. नीट उलगडा मात्र १९५३ साली केंब्रिजच्या स्टोरेने केला. शीळ किती ताणली गेली यावरून त्याने हजारो किलोमीटर उंचीवर इलेक्ट्रॉन आहेत हे दाखवलं, तेही पहिला कृत्रिम उपग्रह सुटायच्या आधी. याच शिळांवरून १९६३ साली कार्पेंटरने प्लाझ्मास्फीअरची, म्हणजे पृथ्वीभोवतीच्या दाट प्लाझ्माच्या कवचाची, बाहेरची कड शोधली.

मग नाशिकला काय अडतं? भूगोल. नाशिक चुंबकीय विषुववृत्ताच्या जवळ आहे. इथून निघणारी चुंबकीय रेषा जेमतेम काही शेकडो किलोमीटर वर चढते आणि लगेच दक्षिणेला उतरते, म्हणजे तिचा सगळा प्रवास आयनांबराच्या पोटातच होतो. ज्या लांबलचक रेषांवर व्हिसलर वाढतो, त्या आपल्या डोक्यावरून सुरूच होत नाहीत. भारतात गुलमर्ग, नैनिताल, वाराणसी इथे व्हिसलरच्या नोंदी झाल्या आहेत, पण त्या जागा आपल्यापेक्षा उत्तरेला आहेत आणि तिथेही ते रोजचं काम नाही. तुमच्या हातात एक सेमिस्टर. रिकाम्या फायली घेऊन परीक्षकासमोर उभं राहायचं नसेल तर इथं रोज हमखास मिळणारी गोष्ट धरा. ती म्हणजे ट्वीक.

ट्वीकही विजेतूनच येतो, पण तो वर जात नाही. जमीन आणि आयनांबराचा खालचा थर यांच्यामध्ये एक बोगदा आहे असं समजा. लांबवर पडलेल्या विजेच्या लहरी या बोगद्यातून हजारो किलोमीटर धावतात. दिवसा आयनांबराचा सगळ्यात खालचा, म्हणजे डी थर त्यांना शोषतो, म्हणून फक्त चटचट आवाज येतो. सूर्य मावळून तास-दीड तास झाला, डी थर विरला, की त्याच चटचटीला शेपूट फुटतं आणि 'टिऊ' असं ऐकू येतं. इअरफोन लावून पंधरा मिनिटं बसलात तर ओळख पटते. ज्यांच्या घरी अजून ट्रान्झिस्टर आहे त्यांना याचंच भावंड माहीत आहे: दिवसा न लागणारी लांबची मध्यम लहरींची स्टेशनं रात्री खणखणीत लागतात, तीही याच डी थराच्या जाण्यामुळे.

आता एक ट्वीक हातात घेऊन बघू, कारण तुमचा प्रकल्प इथेच उभा राहतो. ऑडॅसिटी या आवाजाच्या सॉफ्टवेअरमध्ये फाइल उघडा, स्पेक्ट्रोग्राम (आडवा वेळ, उभी वारंवारता असं चित्र) करा आणि वारंवारतेची वरची मर्यादा ५ किलोहर्ट्झवर आणा. विजेचा झटका उभी रेघ म्हणून दिसेल. तिचं खालचं टोक उजवीकडे वळून आडवं होत एका वारंवारतेवर टेकतं, त्याच्या खाली जात नाही. ही बोगद्याची कट-ऑफ वारंवारता. बोगद्याच्या उंचीत अर्धी तरंगलांबी बसते तिथे ती येते, म्हणून उंची = प्रकाशाचा वेग ÷ (२ × कट-ऑफ). समजा शेपूट १.७ किलोहर्ट्झवर टेकलं. ३,००,००० भागिले ३,४०० म्हणजे ८८ किलोमीटर. १.८ वर टेकलं असतं तर ८३. रॉकेट नाही, उपग्रह नाही, शेताच्या बांधावर बसून तुम्ही आयनांबराची खालची कड मोजलीत.

पुढचा टप्पा अंतराचा. कट-ऑफजवळची वारंवारता बोगद्यात फार हळू सरकते. तिचा वेग = c × √(१ − (कट-ऑफ ÷ वारंवारता)²), c म्हणजे प्रकाशाचा वेग. कट-ऑफ १.७ धरून ४ किलोहर्ट्झचा वेग प्रकाशाच्या सुमारे ९० टक्के येतो, तर १.७५ किलोहर्ट्झचा जेमतेम २४ टक्के. स्पेक्ट्रोग्रामवर या दोन बिंदूंत २० मिलिसेकंदांचा फरक दिसला, तर गणित करून वीज साधारण १,९०० किलोमीटरवर पडली असं निघतं. म्हणजे बांगलादेशाच्या पलीकडे, किंवा दक्षिणेला पार हिंदी महासागरात. दिशा एका अँटेनातून निम्मीच कळते, त्याकडे पुढे येतो.

आणि प्लाझ्मा? परीक्षक हा प्रश्न विचारणारच. ट्वीक जिथे परावर्तित होतो तिथली इलेक्ट्रॉन घनता कट-ऑफ वारंवारता आणि तिथल्या इलेक्ट्रॉनची चुंबकीय क्षेत्राभोवती फिरण्याची वारंवारता यांच्या गुणाकारावरून काढतात: घन सेंटिमीटरला इलेक्ट्रॉन = १.२४१ × १०⁻⁸ × कट-ऑफ × फिरण्याची वारंवारता, दोन्ही हर्ट्झमध्ये. फिरण्याची वारंवारता १.१ मेगाहर्ट्झ धरली तर उत्तर येतं २३ च्या आसपास. घन सेंटिमीटरला तेवीस इलेक्ट्रॉन! बाकी सगळी साधी हवा. एवढ्या विरळ इलेक्ट्रॉनांवर हजारो किलोमीटरचं प्रसारण आपटून परत येतं, हे मला अजूनही नवल वाटतं. इतक्या कमी घनतेवर जमिनीवरचं आयनोसोंड (वर रेडिओ लहरी सोडून थरांची उंची मोजणारं यंत्र) चालत नाही, फुगा तिथे पोचत नाही, उपग्रह तिथे टिकत नाही. त्यामुळे या पट्ट्यात रेडिओ हे मुख्य हत्यार आहे, हौशीचं खेळणं नाही. एका रात्रीत दोन-तीनशे ट्वीक मोजा, तासागणिक सरासरी उंची काढा आणि आलेख करा. रात्र चढते तशी कड वर सरकते का, पहाटे खाली येते का, हे तुमच्याच आकड्यांत बघा.

दुसरं काम दिवसाचं आहे. तमिळनाडूत तिरुनेलवेलीजवळ विजयनारायणम इथे नौदलाचं कट्टबोम्मन केंद्र आहे. १९९० पासून तिथून पाणबुड्यांसाठी अतिमंद वारंवारतेचं प्रसारण होतं, मुख्यतः १८.२ किलोहर्ट्झवर. नाशिकपासून अंतर तेराशे-चौदाशे किलोमीटर. संदेश काय आहे याच्याशी आपल्याला घेणं नाही आणि तो उलगडायच्या भानगडीत पडूही नका. आपण फक्त ताकद मोजायची: दर पाच सेकंदांना एक आकडा, दिवसभर. वाटेतला डी थर बदलला की ही ताकद बदलते. सकाळी आणि संध्याकाळी प्रकाश-अंधाराची सीमा वाटेवरून सरकते तेव्हा आलेखात खोल खड्डे पडतात. एकदा ते दिसले की यंत्रणा नीट चालतेय याची खात्री.

खरी मजा सौरज्वालेची. सूर्यावर ज्वाला उसळली की क्ष-किरण सव्वाआठ मिनिटांत इथे पोचतात आणि डी थर एकदम दाट होतो. दिवसा ७०-७४ किलोमीटरवर असलेली परावर्तनाची उंची आणखी खाली येते. आलेख काही मिनिटांत उडी घेतो आणि मग अर्धा-एक तास सावकाश उतरतो. काही वाटांवर उडीऐवजी खड्डा पडतो, कारण जमिनीलगतची आणि वरून आलेली लहर एकमेकींना खोडतात. त्यामुळे उलटा आलेख आला तर घाबरू नका. पडताळ्याला अमेरिकेच्या गोज उपग्रहांचा क्ष-किरण आलेख रोज खुला असतो. आपल्या आदित्य-एल१ वरचं सोलेक्स हे उपकरणही हेच मोजतं.

वेळेचं भान मात्र ठेवा. १४ मे २०२४ ला एक्स ८.७ ची (एक्स म्हणजे सगळ्यात ताकदवान वर्ग) जबरदस्त ज्वाला आली, पण भारतीय वेळेनुसार रात्री १० वाजून २१ मिनिटांनी. आपल्याकडे डी थरच नाही, मग बदलणार काय? उलट ३ ऑक्टोबर २०२४ ची एक्स ९.० संध्याकाळी ५ वाजून ४८ मिनिटांनी आली, तेव्हा नाशिकला सूर्य मावळायला आला होता. तिथे ज्वालेचा परिणाम आणि संध्याकाळचा नेहमीचा खड्डा एकमेकांत मिसळतात. अशा वेळी आदल्या-नंतरच्या शांत दिवसांचे आलेख खाली ठेवून वजाबाकी करावी लागते. म्हणून म्हणतो, ज्वालेच्या एका दिवसापेक्षा काहीच न घडलेले वीस दिवस जास्त मोलाचे.

तुमच्यातल्या गणितात रमणाऱ्याला एक जादा काम: आपल्या आलेखाचं शिखर क्ष-किरणांच्या शिखरापेक्षा थोडं उशिरा येतं. ॲपलटनने दाखवलं होतं की हा विलंब साधारण १ ÷ (२αN) इतका असतो. N म्हणजे इलेक्ट्रॉन घनता, α म्हणजे इलेक्ट्रॉन आणि आयन पुन्हा एकत्र येण्याचा दर. विलंब मोजला तर डी थराच्या रसायनाचा अंदाज घरबसल्या मिळतो. त्यासाठी संगणकाचं घड्याळ इंटरनेटवरून जुळवलेलं हवं. मिनिटाची चूक असेल तर हे गणित पाण्यात गेलं.

याच अँटेनावर १९.८ किलोहर्ट्झची ऑस्ट्रेलियाच्या नॉर्थ वेस्ट केपची रेघही दिसेल, सुमारे ६,४०० किलोमीटरवरून. या केंद्राच्या लहरी वर गळतात आणि किरणोत्सारी पट्ट्यातल्या इलेक्ट्रॉनांना हुसकावून खाली वातावरणात पाडतात, हे डेमेटर नावाच्या फ्रेंच उपग्रहाने टिपलं होतं. माणसाने पाणबुडीशी बोलायला लावलेला भोंगा अवकाशातल्या कणांना हलवतो, ही गोष्ट प्रस्तावनेत जरूर घाला.

आता साहित्य. एक मीटर बाजूची लाकडी चौकट करा, लोखंडी नको. तिच्यावर तांब्याच्या वाइंडिंग वायरचे ५० वेढे, हीच तुमची लूप अँटेना. वायर सातपूर-अंबडकडच्या कुठल्याही मोटार रिवाइंडिंगवाल्याकडे किलोवर मिळते, २४ किंवा २६ गेज सांगा. ऑनलाइन तयार लूप मागवण्यात पैसे घालवू नका. सिग्नल किती मिळेल याचा हिशेब आधीच करता येतो. १८.२ किलोहर्ट्झची तरंगलांबी साडेसोळा किलोमीटर. मीटरला १ मिलिव्होल्ट क्षेत्र धरलं तर तुमच्या लूपमध्ये तयार होतील फक्त १९ मायक्रोव्होल्ट. म्हणून चौकटीलगतच हजारपट वाढवणारा प्रवर्धक हवा. ५५३२ ऑप-ॲम्प या प्रवर्धक चिपची दोन टप्प्यांची साधी रचना पुरते. तो नऊ व्होल्टच्या बॅटऱ्यांवर चालवा, ॲडॉप्टर अजिबात नको. प्रवर्धकापासून लॅपटॉपपर्यंत शील्डची केबल वापरा.

चौकटीची कड ज्या दिशेला, तिकडचं जास्त ऐकू येतं, आडव्या बाजूचं कमी. कट्टबोम्मनसाठी कड दक्षिणेला, किंचित पूर्वेकडे झुकलेली. ऑस्ट्रेलियासाठी जवळजवळ नेमकी आग्नेय. लूपला पुढचं-मागचं कळत नाही, म्हणून मघाशी दिशा निम्मीच कळते म्हणालो. ट्वीक बांगलादेशाचा की अरबी समुद्राचा, हे एका लूपवरून ठरवू नका. मेच्या वळवात आणि पावसाळ्यात उपग्रहांचे ढगांचे फोटो बाजूला ठेवले तर बऱ्यापैकी तर्क करता येतो.

आणि सगळ्यात अवघड भाग: गोंगाट. अर्धे प्रकल्प इथेच मरतात. विजेच्या तारांची ५० हर्ट्झची गुणगुण आणि तिच्या पटीतल्या रेघा ट्वीकच्या पट्ट्यात सरळ घुसतात. एलईडी दिव्यांचे ड्रायव्हर, इन्व्हर्टर, मोबाइल चार्जर, छतावरचे सोलर इन्व्हर्टर हे १८ किलोहर्ट्झच्या आसपास आरडाओरडा करतात. कॉलेज रोडवर फ्लॅटच्या गच्चीत लूप लावून कट्टबोम्मनची रेघ कदाचित निघेल, ट्वीक विसरा. ही काही आजची गोष्ट नाही. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून कुलाब्याची चुंबकीय वेधशाळा १९०४ सालीच अलिबागला हलवावी लागली होती. आणि ही साधीसुधी वेधशाळा नव्हे, १८५९ च्या प्रचंड सौर वादळाची नोंद करणाऱ्या मोजक्या जागांपैकी एक.

तुम्ही म्हणता ती त्र्यंबकची जागा गावाच्या फार जवळ असावी असं वाटतं. लॉज, बोर्ड, दिवे. पुढे हरसूल किंवा पेठच्या बाजूला जा, आणि नकाशात डोंगर बघण्याआधी विजेचे खांब बघा. तारांपासून अर्धा-एक किलोमीटर लांब असलं तर काम होतं. इगतपुरी छान शांत वाटतं, पण तिथून विजेवरची रेल्वे जाते, म्हणून टाळा. अंजनेरीवर रात्री जायचं तर वनखात्याला विचारल्याशिवाय नको. निफाड-दिंडोरीकडे द्राक्षबागेत कुणाचं घर असेल तर तेही वाईट नाही, फक्त शेतीच्या फीडरला रात्रीची थ्री-फेज पाळी कोणत्या आठवड्यात आहे ते वायरमनला विचारून घ्या. मोटारी बंद असलेली रात्र आणि चालू असलेली रात्र यात जमीन-अस्मानाचा फरक पडतो.

एक खास गावाकडचा त्रास सांगून ठेवतो. रेकॉर्डिंगमध्ये साधारण दर सेकंदाला एक टक्, टक्, टक् असं घड्याळासारखं ऐकू आलं तर ते अवकाशातून आलेलं नाही. जवळपास कुणीतरी रानडुकरांसाठी कुंपणाला झटका मशीन लावलंय. विजेचे झटके कधीच इतक्या शिस्तीत पडत नाहीत. मालकाला विनंती करून तासभर बंद ठेवता आलं तर ठीक, नाहीतर जागा बदला.

ऋतूचं म्हणाल तर दिवाळीपासून शिमग्यापर्यंतच्या रात्री उत्तम. जवळ विजा नसतात, लांबच्या स्वच्छ येतात. एप्रिल-मेमध्ये जवळच्या वळवाचे झटके साउंड कार्ड भरून टाकतात. त्या दिवसांत माळावर उंच तार उभारून बसणं हा जिवाशी खेळ आहे. आभाळात गडगडाट ऐकू आला की वायर काढायची, गाडीत बसायचं. यात तडजोड नाही.

तिसरा विषय थोडक्यात, कारण तो पुढच्या बॅचला द्यावा असा आहे. आपल्या अक्षांशाची खरी मिरासदारी म्हणजे सूर्यास्तानंतर आयनांबरात उठणारे प्लाझ्माचे बुडबुडे. विषुववृत्तावर संध्याकाळी आयनांबराचा वरचा, म्हणजे एफ थर आणखी वर उचलला जातो, खालचा विरळ प्लाझ्मा वरच्या दाट प्लाझ्मात घुसतो, आणि ती पोकळी उत्तर-दक्षिण चुंबकीय रेषांना धरून आपल्या डोक्यापर्यंत पसरते. मार्च-एप्रिल आणि सप्टेंबर-ऑक्टोबर, तेही सूर्यावर डाग-ज्वाला वाढलेल्या वर्षांत, हे जोरात असतं. जीपीएस आणि नाविक या आपल्या उपग्रह-दिशादर्शनाचे सिग्नल तेव्हा लुकलुकतात. ज्यांच्या फोनमध्ये दोन वारंवारतांचं जीपीएस आहे त्यांनी सेकंदागणिक सिग्नलची ताकद नोंदवणारं ॲप लावून रात्री आठ ते बारा गच्चीत फोन ठेवून बघावा. लुकलुक नसतानाही प्लाझ्मा सिग्नलला उशीर करतोच. वाटेत दर चौरस मीटरला १०¹⁸ इलेक्ट्रॉन असतील तर जीपीएसच्या मुख्य वारंवारतेवर अंतरात १६ मीटरची चूक येते. पुणे-नाशिक रस्त्याजवळ खोडदला आणि आसपास जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटरच्या तीस तबकड्या आहेत. तिथल्या खगोलशास्त्रज्ञांना याच प्लाझ्माची डोकेदुखी असते, खालच्या वारंवारतांवर तर फारच. विज्ञान दिनाला तिथं प्रदर्शन असतं, जाऊन विचारा.

सुरुवात अशी करा. या आठवड्यात चौकट आणि प्रवर्धक. पुढच्या आठवड्यात गच्चीतच १८.२ ची रेघ दिसते का बघा. दिसली नाही तर लूप एका दिशेला, लॅपटॉप दुसऱ्या टोकाला, चार्जर काढलेला, असं करून पुन्हा. रेघ मिळाल्यावरच बाहेरगावी रात्र काढायचा बेत आखा. वहीत प्रत्येक फाइलसमोर जागा, वेळ, लूपची दिशा, आभाळ आणि जवळ काय चालू होतं ते लिहा. रात्री दोन वाजता सगळं लक्षात राहील असं वाटतं, राहत नाही. आणि चौघांपैकी कुणी पुढे एम.एस्सी.ला असाल तर २ ऑगस्ट २०२७ ची तारीख मांडून ठेवा. त्या दिवशी दुपारनंतर आपल्याकडे खंडग्रास सूर्यग्रहण आहे आणि कट्टबोम्मनच्या वाटेवर भरदिवसा सूर्यप्रकाश कमी होईल. त्या दिवसाच्या आधीचे पंधरा दिवस आणि नंतरचे पंधरा दिवस नोंद सलग पाहिजे.